नारोशंकराच्या घंटेची बहीण

११ मार्च, श्रूजबरी, बॉस्टनजवळ

या घरात कुणालाही तोंड उघडून बोलता येत नाही. लेक नीलांबरी सिंककडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बोलते. जावई सिद्धेश लॅपटॉपशी बोलतो. नात हिमानी कॉलेजातून आठवड्याला एकदा घरी येते आणि शब्द च्युइंगगमसारखे दाताखाली धरूनच बोलते. आज जेवताना तिघं कशावर तरी हसली. काय झालं म्हणून विचारलं, तर नीलांबरी म्हणाली, "काही नाही गं आई, जाऊ दे."

हे "जाऊ दे" मला अलीकडे फार ऐकावं लागतं.

मी नाशिकच्या टेलिफोन ट्रंक एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढली. शेवटी सुपरवायझर होते. जळगावच्या ऑपरेटरनं नुसतं "हॅलो" म्हटलं तरी तिला सर्दी झाली आहे की नवऱ्याशी भांडून आली आहे, हे मी सांगत असे. त्याआधी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी जीभ कुठे टेकवायची आणि ओठ कसे मिटायचे हे पट्टी हातात घेऊन शिकवलं होतं. माझ्या बोलण्यात आणि ऐकण्यात खोट काढणारा अजून जन्मायचा आहे.

नीलांबरीनं पुन्हा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. मी म्हटलं, तपासणीच करायची असेल तर आधी तुमचे घसे तपासा.

१५ मार्च

लायब्ररीतून येताना रस्ता ओलांडत होते. एक गाडी माझ्या कोटाला घासेल इतक्या जवळ येऊन थांबली. चालवणारी बाई काचेआड लालभडक होऊन हात नाचवत होती. साधा हॉर्न द्यायचं सौजन्य नाही. मी तिथेच उभी राहून तिला रस्त्यावर कसं वागायचं ते सांगितलं. तिच्या मागच्या गाड्यांतली माणसंही टकामका बघत बसली, मदतीला एक उतरला नाही.

घरी हे सांगितलं. वाटलं, दोघंही माझ्या बाजूनं चिडतील. नीलांबरीच्या हातातली कढई तशीच राहिली. सिद्धेश म्हणाला, "आई, यापुढे लायब्ररीत मी सोडत जाईन तुम्हाला." मी काय पार्सल आहे?

२३ मार्च

आज घरात तह झाला.

हिमानीची परीक्षा मेमध्ये संपते. बॉस्टनहून लिस्बनचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून ती चारपाच दिवस एकटीच निघाली होती. लिस्बन म्हटल्यावर माझा घास हातातच राहिला.

नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या दर्शनी भिंतीत वर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्या विजयाची ती खूण, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वसईच्या चर्चमधून आलेली, असं कुणी म्हणतं, कुणी आणखी काही. वर्गात एकदा मी हे फुशारकीनं सांगितलं. सिस्टर फिलोमिना गोव्याच्या. त्या म्हणाल्या, "ती घंटा आमची आहे, उत्तरा." मी म्हटलं, "होती, सिस्टर. आता आम्ही जिंकली." वर्ग हसला. मला बाकावर उभं केलं. पण सुट्टीत सिस्टरांनी जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "तुझे कान चांगले आहेत. तुझ्या घंटेच्या बहिणी लिस्बनला आहेत. कधी गेलीस तर ऐक, आवाज एकच आहे का, आणि मला कळव." सिस्टर जाऊन आता खूप वर्षं झाली. कळवायचं राहूनच गेलं.

मी जाहीर केलं, मी हिमानीबरोबर जाणार. नीलांबरी म्हणाली, "आधी कान तपासून घे, मग खुशाल जा. नाही तर तिथल्या रस्त्यांवर..." आणि पुढचं तिनं गिळलं.

तेव्हा मी अट घातली. लिस्बनची घंटा मी माझ्या कानांनी ओळखली, तर या घरात कानाच्या डॉक्टरचं नाव पुन्हा निघायचं नाही. नाही ओळखली, तर नीलांबरी म्हणेल त्या दिवशी, म्हणेल तिथे येऊन बसेन.

हिमानी म्हणाली, "पण आजी, तू ओळखलीस हे आम्हाला कसं कळणार?"

"मी सांगेन म्हणून."

"दॅट्स नॉट हाऊ प्रूफ वर्क्स."

"ट्रंक एक्स्चेंजमध्ये असंच चालायचं."

जाणार मी माझ्या पेन्शनवर. जावयाच्या पैशानं मी देवदर्शनालाही जात नाही. सिद्धेशनं बिचाऱ्यानं चांगलं हॉटेल करून देतो म्हटलं, त्याला मी गप्प केलं. पेन्शन रुपयातली. ती डॉलरच्या दारातून युरोच्या अंगणात पोचेपर्यंत चिमूटभर उरते. हिमानी म्हणाली, मग हॉस्टेल. मी म्हटलं, हॉस्टेल तर हॉस्टेल.

९ एप्रिल

या घरातल्या तिघांचे पासपोर्ट अमेरिकेचे, माझा एकटीचा भारताचा, त्यामुळे व्हिसाची यातायात मलाच. बॉस्टनच्या ऑफिसात काचेमागची मुलगी नुसते ओठ हलवत होती. मी म्हटलं, "स्पीक अप, चाइल्ड." तिनं पुन्हा ओठ हलवले. शेवटी हिमानीनं मध्ये पडून सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अशा मुलीला आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर एक दिवससुद्धा ठेवलं नसतं. हिमानी हसली नाही. माझा हात धरून रस्ता ओलांडला. तिला हल्ली प्रेम फार आलं आहे.

१६ मे, लिस्बन

काय लिहू?

आयुष्यभर मी वाक्य सुरू करायच्या आधी त्याचा शेवट ठरवत आले. आज तसं होत नाही.

विमानात त्या स्वस्त कंपनीनं पाणीसुद्धा विकत दिलं आणि सूचना तर अशा पुटपुटल्या, की विमान पडलं असतं तरी मला कळलं नसतं. मी चिडून उतरले. हिमानी मेट्रोनं घेऊन आली, मग पायऱ्या, मग आणखी पायऱ्या. बॅग ओढता ओढता मी पोर्तुगीजांच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होते. एका वळणावर दम खायला थांबले आणि मागे वळून पाहिलं.

खाली सगळं शहर उतरत गेलेलं. लाल कौलं, एकाखाली एक, जणू कुणी ओंजळीनं ओतलीत. त्यांच्या पलीकडे तेजो नदी. नदी म्हणायची, पण समुद्राएवढी रुंद, आणि तिच्यावर असं ऊन की पांढऱ्या भिंतींना आतून दिवा लावल्यासारखं वाटावं. खिडक्यांतून चादरी वाळत होत्या. मी हिमानीला काहीतरी बोलणार होते, ते बोलायचं राहिलं.

"आजी, तू गप्प आहेस," ती म्हणाली. "शुड आय बी वरीड?"

हॉस्टेलात बायकांची खोली आहे, एकावर एक पलंग. माझ्या डोक्यावर नॉर्वेची एक पोरगी आहे. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. तिथे मी भात लावला आणि डब्यातून आणलेलं मेतकूट आणि तूप घालून कालवलं. नॉर्वेवालीनं वास घेऊन विचारलं हे काय. तिलाही एक घास दिला. तिनं डोळे मिटले. युरोप जिंकायला आणखी काय लागतं?

१७ मे

ट्राम महाग, म्हणून पायी. इथल्या फुटपाथला मुठीएवढे पांढरे आणि काळे दगड बसवून लाटांची नक्षी केली आहे. माणसं तिच्यावरून फोन बघत चालतात. मी मात्र बाजूबाजूनं चालत होते. नक्षीवर पाय द्यायला मन होईना, दिवाळीची रांगोळी वाटत होती.

घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या-पांढऱ्या टाइल्स. आपण ज्या बाथरूममध्ये लावतो, त्यांवर या लोकांनी जहाजं, संत, मासे, लिंबाची झाडं काढली आहेत आणि रस्त्यावरच्या माणसांना फुकट दाखवली आहेत. एका पडक्या घराची भिंतसुद्धा अशी सजलेली होती. मी तिच्यावर हात फिरवला. गार होती, आणि प्रत्येक टाइल किंचित वाकडी. हातानं केलेली.

दुपारी बेलेम भागातला मोठा ख्रिस्ती मठ. आतल्या प्रांगणाला तिकीट, ते आम्ही सोडलं. चर्चच्या भागात तिकीट नव्हतं. आत शिरले आणि मान आपोआप वर गेली. दगडाचे खांब झाडासारखे वर जाऊन फांद्या फुटून छताला मिळालेले. दगडाला असं कुणी वागवू शकतं? दाराशीच वास्को द गामा निजलेला. दगडाचाच, हात जोडून, छातीवर नमस्कार करून. याच माणसानं भारत "शोधून काढला" हे मी पाठ म्हणून दाखवलं होतं, आणि बक्षीसही मिळवलं होतं. मनात म्हटलं, बाबा रे, आम्ही हरवलो नव्हतो. त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून आले होते. पण तो असा हात जोडून पडलेला, आणि वर ते दगडाचं जंगल. मीही नकळत हात जोडले. सिस्टर फिलोमिना असत्या तर खूश झाल्या असत्या. चिमाजी अप्पांचं सांगता येत नाही.

एक गोष्ट खटकते. एवढं मोठं शहर, गल्लोगल्ली चर्च, आणि घंटा वाजवत नाहीत. हिमानी मधूनच थांबते, मनोऱ्याकडे बघते, मग माझ्याकडे बघते. तिला विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही, आजी."

बहुधा रविवारीच वाजवत असतील. शहर फार शांत आहे. मला आवडलं.

१८ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अल्फामा म्हणजे इथली जुनी वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद, की आपल्या खिडकीतून समोरच्या खिडकीतल्या बाईला मीठ द्यावं. चढता चढता एक छोटं चर्च लागलं. गाईडबुकात नाही, दाराशी रांग नाही. आत अंधार, मेणाचा आणि ओल्या फुलांचा वास. आणि दारातून शिरताच डाव्या हाताला, लाकडी चौकटीत, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक घंटा. मनोऱ्यावरून उतरवून ठेवलेली असावी. काठावर अक्षरं, क्रॉस, हिरवट झालेला पंचरसी धातू. नारोशंकराच्या घंटेपुढे लहान, पण तोच बांधा, तीच कंबर. बघताक्षणी ओळखीची वाटली.

आता माझी चूक. पण तिला चूक तरी कशी म्हणायची? देवळात शिरताना समोर घंटा आली की आपला हात वर जातो. जन्मभराची सवय. मी लोलक धरला आणि दिला एक टोल.

आवाज आला तो कापडात गुंडाळलेल्या पातेल्यावर पळी मारावी तसा. दबका. लगेच विरला. मला इतकं वाईट वाटलं. इतक्या लांबून आले, पेन्शनची चिमूट खर्च केली, आणि घंटा फुटकी.

म्हणून आणखी एक टोल दिला, जरा जोरात.

मग दिसलं ते असं. बाकावर बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली होती. वर झरोक्यातली कबुतरं उडाली. आतून एक ठेंगणी म्हातारी, काळा स्वेटर, हातात फुलांची कात्री, दोन्ही कानांवर मनगटं दाबून धावत येत होती. हिमानीनंही कान झाकले होते.

म्हातारी माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचं तोंड सुरू झालं. मी काय कमी आहे? कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हटलं, "मॅडम, घंटा दाराशी टांगायची आणि वाजवू द्यायची नाही, ही कुठली रीत? आणि वर फुटकी."

"आजी, प्लीज," हिमानी म्हणाली. तिनं फोनवर भाषांतर करून म्हातारीला दाखवलं असावं, कारण म्हातारीनं "फुटकी" वर आल्यावर असा चेहरा केला, की जणू तिच्या माहेराबद्दलच कुणी वाईट बोललं. ती फोनमध्ये बोलली. हिमानीनं मला वाचून दाखवलं, अगदी माझ्या कानाजवळ येऊन. ही घंटा १७५५च्या मोठ्या भूकंपातून वाचली आहे, असं ती म्हणते. ती फुटकी नाही. खाली नदीवरच्या माणसांनीसुद्धा आता ऐकली असेल.

मी हिमानीकडे बघितलं. "जोरात वाजली?"

तिचे डोळे भरले होते. "आजी, इट वॉज सो लाउड. माझे कान अजून वाजतायत."

रस्त्यावरची ती लाल झालेली बाई आठवली. काचेमागची मुलगी आठवली. मनोऱ्यांकडे वर बघणारी हिमानी तर समोरच होती. आणि घरातली तिघं, जी पुटपुटत नव्हती. सगळी एका रांगेत येऊन उभी राहिली.

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं रागावणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. तिनं कात्री बाकावर ठेवली, मला न विचारता माझं मनगट धरलं आणि माझा तळवा घंटेच्या वरच्या गोलाईवर ठेवला. तिचा हात ओला आणि गार होता. मग तिनं लोलक ओढून टोल दिला.

ते तळव्यातून कोपरात आलं. कोपरातून छातीत. मी लहान असताना नारोशंकराच्या देवळात एकदा कुणीतरी ती मोठी घंटा वाजवली होती. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, आणि सगळी भिंत माझ्या बरगड्यांत थरथरली होती. घाबरून मी वडिलांचं धोतर धरलं होतं. तीच थरथर. इतकी वर्षं, इतका समुद्र, आणि तीच. देव बघितल्यावर असं होतं म्हणतात. मला देवळात कधी झालं नव्हतं.

थरथर थांबली असं वाटून मी हात काढायला गेले, तर म्हातारीनं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. मी थांबले. खरंच, बोटांच्या टोकांत अजून होती. बारीक, मुंगीच्या पावलासारखी. कितीतरी वेळ होती. शेवटी ती गेली तेव्हा म्हातारीनं हात सोडला. मग तिनं बाजूच्या फुलांच्या बादलीतलं एक पांढरं फूल काढून माझ्या हातात दिलं आणि बोटानं दटावलं, आता पुरे.

बाहेर पायरीवर बसलो. हिमानीनं विचारलं, "ओळखलीस?"

"ओळखली. तीच आहे."

"देन यू विन, आजी."

मी हो म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. निकाल देणारी मीच होते, तशी अटच होती. माझ्या ओठांवर शब्द आला होता.

"कानांनी नाही ओळखली," मी म्हटलं.

हिमानीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. खाली नदी चमकत होती आणि मी पहिल्यांदाच विचार केला, की या शहराला केवढा आवाज असेल.

२० मे, विमानात

सूचना चालू आहेत. शेजारचा माणूस हसला, म्हणजे पायलट काही विनोद करतो आहे. हिमानीला म्हटलं, काय म्हणाला ते सांग. तिनं पूर्ण सांगितलं. "जाऊ दे" म्हणाली नाही. विनोद भिकार होता.

२२ मे, श्रूजबरी

परवा नीलांबरी विमानतळावरून घरी येईपर्यंत घंटेबद्दल एक शब्द बोलली नाही, इतकी धास्तावली होती. मी जेवताना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती "बघ, मी म्हणत नव्हते" म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर येऊन बसली, तोंड माझ्याकडे करून, आणि म्हणाली, "आई, मला त्या गाडीचं स्वप्न पडतं गं. रोज." हे मला नीट ऐकू आलं.

सिद्धेश म्हणाला, "हॉर्न तिनं दिलाच असणार, आई."

"दिला असेल," मी म्हटलं. "तरी गाडी जोरातच होती."

४ जून

आज तपासणी.

कान तपासणारी मुलगी भारतीयच निघाली, आई-वडील नागपूरचे. एका छोट्या, जाड भिंतींच्या खोलीत बसवलं आणि माझ्या डोक्यावर हेडसेट चढवला. मी तो सवयीनं नीट बसवला, केसांवर पट्टी, कानांवर गाद्या. इतक्या वर्षांनी डोक्याला ते वजन लागलं आणि क्षणभर वाटलं, आता समोर दिवा लागेल आणि जळगाव बोलेल.

हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ती काचेपलीकडे जाऊन बसली.

पहिले दोनतीन मी बरोबर दाबले. मग एक गोष्ट ध्यानात आली. ती आवाज सोडते तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित हलतो. काचेतून स्वच्छ दिसत होतं. खांदा हलला की दाबायचं, एवढंच. आमच्या बोर्डावर बसलेल्या मुली मी पाठीमागून अशाच वाचत असे. सगळे बरोबर आले असते. नागपूरच्या त्या पोरीनं माझ्या कानांना सर्टिफिकेट दिलं असतं आणि बाहेर बसलेल्या नीलांबरीला तोंड उघडायला जागा राहिली नसती.

पाय टेकवून मी खुर्ची फिरवली, काचेकडे पाठ केली आणि डोळे मिटले.

मग फार वेळ काहीच आलं नाही. बटणावर अंगठा ठेवून मी बसून राहिले.